हजची वाट आणि राजाचे उत्तरदायित्व

सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पुढची दोनशे वर्षे मुसलमानी जगात तीन मोठ्या राजसत्ता नांदत होत्या : इस्तंबूलचे उस्मानी सुलतान, इराणचे सफवी शाह आणि हिंदुस्थानातले मोगल बादशहा. या तिन्ही घराण्यांतला एकही राजा गादीवर असताना हजला गेला नाही. ऐपत असलेल्या मुसलमानाने आयुष्यात एकदा तरी हज करावा, हे इस्लामच्या पाच मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. आणि ऐपत म्हणाल तर या राजांइतकी ती कोणाकडे होती? तरीही ते गेले नाहीत. इतरांच्या हजसाठी मात्र त्यांनी तिजोऱ्या मोकळ्या केल्या. मक्का-मदिनेकडे दरसाल थैल्या रवाना झाल्या, वाळवंटातल्या पाणवठ्यांवर किल्ले उभे राहिले, समुद्रात जहाजे सोडली गेली, आणि प्रसंगी यात्रेकरूंच्या नावाने लढायाही झाल्या. या विसंगतीचा सोपा अर्थ असा लावला जातो की, राजांना धर्माशी कर्तव्य नव्हते, धर्मामुळे मिळणारी प्रतिष्ठा तेवढी हवी होती. हा अर्थ मला अपुरा वाटतो. राजांनी हजयात्रा वापरली हे खरेच. पण हजयात्रेनेही राजांना बांधून घेतले. यात्रेकरू सुखरूप जाऊन सुखरूप परतला की नाही, या एका कसोटीवर बलाढ्य सत्तेलाही जाब विचारता येऊ लागला. त्या काळच्या हजच्या राजकारणात मोलाची गोष्ट मला हीच दिसते.

याचे मूळ धर्मशास्त्रातच आहे. हज सरसकट सर्वांवर बंधनकारक नाही. ज्याला तिथवर पोचणे शक्य आहे त्याच्यावरच तो बंधनकारक आहे. हे ‘शक्य असणे’ म्हणजे काय, याची चर्चा फकीहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी, बारकाईने केली. प्रवासखर्च हवा, मागे राहिलेल्या कुटुंबाच्या पोटापाण्याची सोय हवी, शरीर धडधाकट हवे, आणि वाट निर्धोक हवी. शेवटची अट इथे महत्त्वाची. नमाज माणूस एकट्याने पढू शकतो, रोजा घरात ठेवू शकतो. पण वाट निर्धोक ठेवणे एकट्यादुकट्या भाविकाच्या हातात नसते. ते काम सत्तेचे. म्हणजे एका माणसाचे ईश्वराशी असलेले कर्तव्य पुरे होणार की नाही, हे काही अंशी राजाच्या कारभारावर अवलंबून राहिले. धर्म शुद्ध होता आणि राजकारणाने त्यात नंतर भेसळ केली, अशी मांडणी हजच्या बाबतीत त्यामुळेच टिकत नाही. कर्तव्याच्या व्याख्येतच राज्यकारभाराला जागा दिलेली होती, आणि त्या जागेवर बसणाऱ्याला तिची जबाबदारी टाळता येत नव्हती.

1517 मध्ये सुलतान पहिला सलीम याने कैरो जिंकून मामलुकांचे राज्य संपवले, तेव्हा मक्केचा शरीफ, म्हणजे तिथला अधिपती, बरकात याने आपल्या मुलाला कैरोला पाठवून सलीमचे स्वामित्व मान्य केले. दोन पवित्र नगरांचा सेवक हा किताब मामलुकांकडून उस्मानी सुलतानांकडे आला. मक्केवर स्वारी करण्याची वेळच आली नाही. पण बिनलढाईच्या या विजयाची किंमत पुढे चारशे वर्षे मोजावी लागली. इस्तंबूलहून दरवर्षी ‘सुर्रे’ नावाची रक्कम थाटामाटाने निघे आणि मक्का-मदिनेतल्या विद्वान, सेवेकरी आणि गरिबांत वाटली जाई. इजिप्तमधल्या कित्येक गावांचे उत्पन्न वक्फ करून दिलेले होते. तिथला गहू सुएझहून जहाजांनी हिजाझला, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रदेशात, जाई, कारण मक्केच्या खडकाळ भूमीत धान्य पिकत नाही. काब्यावर चढवायचे वस्त्र इजिप्तमध्ये विणले जाई. कैरो आणि दमास्कस इथून दोन मोठे काफिले निघत आणि प्रत्येकावर ‘अमीर-उल-हज’, म्हणजे काफिल्याचा प्रमुख, नेमलेला असे. दमास्कसच्या वाटेवर कतराना, मआन, तबूक अशा पाणवठ्यांना किल्ले होते, त्यांत शिबंदी होती. वाटेतल्या बदावी टोळ्यांना ठरलेली रक्कम पोचती केली जाई; त्या बदल्यात त्यांनी उंट पुरवायचे, पाणी मोकळे ठेवायचे आणि काफिल्याला हात लावायचा नाही. ही खंडणी होती, मजुरी होती की दानधर्म, हा वाद घालत बसण्यापेक्षा तिचा परिणाम पाहावा. ती वेळेवर पोचली की हजारो माणसे जिवंत परतत.

ती न पोचली तर काय होई, हे 1757 साली दिसले. दमास्कसचे सुभेदार या काळात स्वतःच काफिल्याचे नेतृत्व करीत. असद पाशा अल-अज्म याने चौदा वर्षे सुभेदारी केली, काफिले सांभाळून नेले आणि परत आणले. त्याची बदली झाली, नवा सुभेदार आला आणि टोळ्यांशी असलेला देण्याघेण्याचा व्यवहार विस्कटला. त्यात दुष्काळाची भर पडली. मक्केहून परतणाऱ्या काफिल्यावर बनू सख्र टोळीने हल्ला केला. हल्ल्यात, आणि त्यानंतर वाळवंटातल्या उन्हातान्हात, मिळून सुमारे वीस हजार यात्रेकरू मेले असा अंदाज आहे. बातमी पोचताच साम्राज्य हादरले. यामागे असद पाशाची फूस होती असा संशय घेतला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याला मारण्यात आले. दरबारातल्या वरिष्ठांवरही गदा आली. असद पाशा खरोखर दोषी होता का, हा प्रश्न वेगळा. मुद्दा असा की सरहद्दीवर एखादा प्रांत गमावल्यावर राज्यात जेवढी उलथापालथ व्हावी, तेवढी काफिला लुटला गेल्यावर झाली. सुलतानाने जो किताब अभिमानाने मिरवला, त्याच किताबाने त्याला कोंडीत पकडले. ‘मी सेवक’ असे जगाला सांगणाऱ्याला सेवा फसल्यावर कानांवर हात ठेवता येत नाहीत.

यावर पहिला आक्षेप व्यवहारवाद्यांचा आहे. तांबड्या समुद्राचा व्यापार, इजिप्तचा महसूल, पोर्तुगीजांना अटकाव ही खरी कारणे होती आणि यात्रेकरू हे निमित्त, असे ते म्हणतात. व्यापाराचे मोल कोणी नाकारणार नाही. हजच्या मोसमात मक्का आणि जिद्दा ही मोठ्या उलाढालीची ठिकाणे होत, आणि यात्रेकरू स्वतःही माल घेऊन जात. त्यात धर्मबाह्य असे काही मानले जात नसे. पण नफ्यातोट्याच्या हिशेबाने पाहिले, तर हिजाझकडून मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा तिकडे जाणारा पैसा कितीतरी अधिक होता. शिवाय नुसत्या व्यापारी दृष्टीने ज्यांचा उलगडा होत नाही अशा घटनाही आहेत. 1556 मध्ये मॉस्कोच्या झारने आस्त्राखान जिंकल्यावर मध्य आशियातल्या यात्रेकरूंची एक वाट अडली. इराणमधून जावे तर सफव्यांशी वैर. ख्वारझमच्या खानाने इस्तंबूलला गाऱ्हाणे घातले, आणि 1569 मध्ये सुलतान दुसरा सलीम याच्या फौजा आस्त्राखानवर चालून गेल्या. डॉन आणि व्होल्गा या नद्या कालव्याने जोडण्याचाही प्रयत्न झाला. मोहीम फसली. तिच्यामागे सामरिक हेतू होतेच. पण जे यात्रेकरू सुलतानाची प्रजाही नव्हते त्यांची वाट मोकळी करणे, हे तिचे एक उघड कारण सांगितले गेले. यात्रेकरू हे निमित्त म्हणून का होईना, चालले. याचा अर्थच असा की त्यांची तक्रार कानाआड करणे सुलतानाला परवडणारे नव्हते.

हिंदुस्थानात प्रश्न आणखी बिकट होता, कारण इथून जाणारी वाट समुद्राची, आणि समुद्रावर पोर्तुगीज. 1502 मध्ये वास्को द गामाने मक्केहून परतणारे जहाज शेकडो यात्रेकरूंसह जाळले, तेव्हापासून ही वाट दहशतीच्या छायेत होती. पुढे पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचे परवाने सुरू केले. परवाना नसलेले जहाज ते पकडत. अकबराच्या काळात मख्दूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी याने फतवा दिल्याचे त्या काळचा इतिहासकार बदाऊनी सांगतो : खुष्कीने जावे तर शिया इराणमधून जावे लागते, आणि समुद्रमार्गे जावे तर येशू आणि मेरी यांची चित्रे असलेले परवाने घ्यावे लागतात, म्हणून हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर सध्या हज बंधनकारक नाही. बदाऊनीला हा फतवा धूर्तपणाचा वाटला, आणि तो देणाऱ्याचे हेतू शुद्ध नसतीलही. पण फतव्याचा युक्तिवाद धर्मशास्त्राच्या चौकटीतला आहे, हे विसरता येत नाही. वाट निर्धोक आणि सन्मानाची नसेल तर कर्तव्य स्थगित होते, असे एकदा मान्य केले की वाट मोकळी न ठेवू शकणाऱ्या बादशहाची उणीवही त्याच वाक्यात नोंदली जाते.

अकबराने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. गुजरात जिंकल्यावर सुरतेचे बंदर त्याच्या हाती आले, आणि 1576 मध्ये त्याने सुलतान ख्वाजा याला ‘मीर-ए-हज’ नेमून सहा लाख रुपये आणि बारा हजार खिलती, म्हणजे मानाची वस्त्रे, देऊन रवाना केले. त्याच सुमारास त्याची आत्या गुलबदन बेगम अंतःपुरातल्या अनेक स्त्रियांसह निघाली; परवान्यासाठी तिला सुरतेत बराच काळ खोळंबावे लागले. ती काही वर्षे हिजाझमध्ये राहिली, एडनजवळ जहाज फुटल्याने अडकली आणि 1582 मध्ये फत्तेपूर सिक्रीला परतली. मोगल स्त्रियांचा तिथला मुक्काम आणि सढळ दानधर्म इस्तंबूलला खुपू लागला. गर्दी आणि टंचाई होते असे कारण देऊन, तिसऱ्या मुरादने या मंडळींना परत पाठवण्याचे आणि मक्केच्या पवित्र मशिदीतले त्यांचे दानवाटप थांबवण्याचे हुकूम काढले. दान करण्यावर राजाने बंदी घालावी, हे वरवर चमत्कारिक दिसते. पण मक्केत दान कोण वाटतो यावर मुसलमानी जगात कोण मोठा हे ठरत असेल, तर दुसऱ्याचे दान ही चढाईच होते. 1579 च्या ‘महजर’ नावाच्या जाहीरनाम्याने अकबराला धार्मिक वादांत अंतिम शब्द दिला होता; त्याचा पैसा मक्केत वाटला जाणे सुलतानाला निव्वळ पुण्यकर्म वाटणे शक्य नव्हते. पुढे अकबराचे सरकारी काफिले बंद झाले. मक्केच्या गरिबांना या चढाओढीचा लाभ झाला तसा तोटाही झाला, हे इथे मान्य केले पाहिजे.

सरकारी काफिले थांबले तरी मोगलांची जबाबदारी संपली नाही. 1613 मध्ये पोर्तुगीजांनी परवाना असतानाही जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज यात्रेकरूंसह पकडले. जहांगीरने पोर्तुगीजांचा व्यापार रोखला, दमणला वेढा घालायला फौज धाडली आणि जेझुइटांचे चर्च बंद केले. 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे परतीच्या वाटेवरचे जहाज लुटून यात्रेकरूंवर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केले. सुरतेतल्या इंग्रजांना कैदेत टाकण्यात आले, आणि पुढच्या काही वर्षांत युरोपीय कंपन्यांना यात्रेच्या जहाजांच्या संरक्षणाची हमी द्यावी लागली. हज ज्या मार्गाने जाई त्या मार्गावरच्या प्रत्येक बंदराला ही जोखीम वाट्याला येई. शिवाजी महाराजांनी 1670 मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली, तेव्हा मक्केहून परतलेला काश्गरचा माजी राजा अब्दुल्लाखान तिथे होता आणि त्याची संपत्ती लुटीत गेली. ‘मक्केचे दार’ म्हटल्या जाणाऱ्या औरंगजेबाच्या बंदरावरचा तो घाव होता, म्हणून महसुली नुकसानीपलीकडे तो जिव्हारी लागणारा होता. कोकणातले दाभोळ हेही आदिलशाहीच्या काळात यात्रेकरूंचे बंदर होते. विजापूरची एक शाहजादी हजला निघाली, पुढे जाता आले नाही, तेव्हा तो पैसा तिने दाभोळच्या मशिदीला लावला, अशी तिथली आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, अडलेली वाट लोकांच्या मनात किती खोल रुतली होती हे तिच्यावरून कळते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. राजांनी मक्केचा उपयोग हद्दपारीसाठी केला. मग हज ही शिक्षाच झाली की! हुमायूनने भाऊ कामरान याला आंधळे करून मक्केला पाठवले. अकबराचा पालक बैरामखान याला सत्तेवरून दूर केल्यावर हजला जाण्याचा मार्ग दाखवला गेला आणि 1561 मध्ये वाटेत पाटणला त्याचा खून झाला. मख्दूम-उल-मुल्क आणि अब्दुन्नबी या दोघा बड्या उलेमांनाही अकबराने असेच तिकडे धाडले. उदाहरणे निर्विवाद आहेत, पण त्यांचा अर्थ एकतर्फी नाही. राजाच्या कोपातून जिवंत सुटण्याचे एक सन्माननीय दार समाजाने मान्य केले होते, आणि ते बंद करणे राजाला जड जाई. 1593 मध्ये अकबराचा दूधभाऊ मिर्झा अझीझ कोका रागावून, परवानगी न घेता, गुजरातच्या किनाऱ्यावरून जहाजाने मक्केला निघून गेला. परतल्यावर अकबराने त्याला दरबारात घेतले. एरवी हुकुमाशिवाय सुभा सोडणे हा घोर अपराध. हजच्या नावाने केलेला तोच अपराध पचला. हद्दपारी आणि आश्रय या दोन्हींसाठी एकच जागा वापरली जात होती, कारण राजाच्या हुकुमापलीकडची एक जागा आहे, हे राजालाही मान्य करावे लागत होते.

तिसरा आक्षेप इराणचा. सत्तेला हवे तर ती यात्रेचे तोंडच वळवू शकते, असे शाह अब्बासकडे बोट दाखवून म्हटले जाते. उझबेकांकडून 1598 मध्ये मशहद परत मिळवल्यावर 1601 मध्ये तो इस्फहानहून तिथल्या इमाम रझांच्या दर्ग्यापर्यंत पायी गेला. त्या दर्ग्याला आणि अर्दबीलच्या दर्ग्याला त्याने मोठी दाने दिली. मक्का, कर्बला आणि नजफ उस्मान्यांच्या हद्दीत असताना इराणचे सोने शत्रूच्या मुलखात जाऊ नये, हा हिशेब यात होता असे अनेक इतिहासकार मानतात, आणि तो पटण्याजोगा आहे. पण मशहदची यात्रा वाढली म्हणून हज संपला नाही. शिया धर्मशास्त्रात त्याचे बंधन तसेच राहिले. म्हणूनच उस्मानी आणि सफवी यांच्यातल्या 1555 च्या अमास्या तहापासून 1746 मध्ये इराणच्या नादिरशाहशी झालेल्या तहापर्यंत, इराणी यात्रेकरूंना सुखरूप जाऊ द्यावे, हे कलम पुन्हा पुन्हा येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस सफवी दरबारातल्या एका अधिकाऱ्याच्या विधवेने आपल्या हजचे वर्णन पद्यात लिहून ठेवले आहे. परमुलखातल्या जकाती आणि छळ सोसून ती गेली. शाहला यात्रेचे दुसरे केंद्र मोठे करता आले, तिच्या मनातले कर्तव्य पुसता आले नाही.

तरीही माझ्या प्रतिपादनाची मर्यादा सांगितलीच पाहिजे. उत्तरदायित्व सर्वांच्या बाबतीत सारखे पाळले गेले नाही. इराणी यात्रेकरूंकडे हेर म्हणून पाहिले जाई, त्यांनी ठरवून दिलेल्या वाटेनेच यावे असे हुकूम निघत. आणि 1677 मध्ये काबा विटाळल्याचा आरोप ठेवून मक्केत शिया यात्रेकरूंची हत्या झाली. शरीफांच्या हाती पडलेला पैसा गरिबांपर्यंत पोचत नाही, ही तक्रार खुद्द औरंगजेबाने केली आहे. सेवेचा हक्क सांगणारी सत्ता सेवा कोणाची करायची हेही स्वतःच ठरवू पाहते, आणि तिथे तिचा दावा खोटा पडतो. पण तो खोटा आहे हे आपण ज्या मापाने ठरवतो, ते माप त्या यात्रेनेच दिलेले आहे.

आता राजे स्वतः हजला का गेले नाहीत, या सुरुवातीच्या कोड्याकडे येतो. 1622 मध्ये तरुण सुलतान दुसरा उस्मान याने हजला जाण्याचा बेत जाहीर केला. शेख-उल-इस्लाम, म्हणजे साम्राज्याचा मुख्य धर्माधिकारी, असद एफेंदी याने मत दिले की सुलतानाला हज आवश्यक नाही. जागेवर राहून न्याय करणे अधिक श्रेयस्कर. हजच्या निमित्ताने सुलतान नवी फौज उभारून आपल्याला मोडीत काढणार, या संशयाने जानिसारी हे सुलतानाचे खडे सैनिक उठले आणि मे महिन्यात उस्मान मारला गेला. शेख-उल-इस्लामच्या मतात सोय होती, भीतीही असेल. पण त्यातला विचार मला खरा वाटतो. राजाचे पुण्य त्याच्या स्वतःच्या पायपिटीत नव्हते, प्रजेची पायपीट सुखरूप पार पाडण्यात होते. एका माणसाच्या प्रदक्षिणेपेक्षा काफिल्यातल्या हजारो माणसांचे परत येणे मोठे, हे मूल्यमापन धर्माच्या आत राहूनच केलेले होते.

1986 मध्ये सौदी अरेबियाचे राजे फहद यांनी दोन पवित्र मशिदींचा सेवक हा किताब अधिकृतपणे धारण केला. साम्राज्ये गेली, किताब राहिला, आणि त्याबरोबर कसोटीही राहिली. 2024 च्या हजमध्ये तीव्र उन्हाळ्यात 1,301 यात्रेकरू मरण पावल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतले बहुसंख्य परवान्याविना आलेले, म्हणजे सावली आणि सोयींच्या बाहेर राहिलेले होते. परवाना नव्हता, हे उत्तर नियमाला धरून असेल, पण पुरेसे नाही. तीर्थयात्रेच्या नावाने मान घेणाऱ्या कोणत्याही सत्तेला, मग ती कोणत्याही धर्माची आणि कोणत्याही देशातली असो, एकच प्रश्न आधी विचारला पाहिजे : निघालेली माणसे, विशेषतः ज्यांच्यामागे कोणी नव्हते अशी माणसे, घरी परत पोचली का? थैल्या, मिरवणुका आणि किताब यांचा विचार त्यानंतर करावा.